कंपनीचा स्पोर्ट्स क्लब: कोकणातल्या पालकांचे आणि खेळाडूंचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लोटे, महाड, रोहा, नागोठणे, थळ, जयगड, आपल्या पट्ट्यात मोठी कंपनी आली की मागोमाग कॉलनी येते आणि कॉलनीबरोबर ग्राउंड, क्लब हाऊस, कुठे बॅडमिंटन हॉल, कुठे स्विमिंग पूल. मग आजूबाजूच्या वाड्यांतून सुरू होतं, आमच्या पोराला तिथे घेतील का, नोकरी लागेल का, कंपनी गेली तर काय. हे प्रश्न ग्रुपवर आणि प्रॅक्टिस सुटल्यावर गेटजवळ इतक्या वेळा येतात की सगळे एकत्र करून ठेवलेत. एक उत्तर दुसऱ्यात येत असेल तिथे नंबर दिलाय, तो बघा.

१. कंपनीची टीम, कंपनीची अकादमी आणि कंपनीचा क्लब, हे सगळं एकच ना?

एकच नाही, आणि इथे गोंधळ झाला की पुढचे सगळे हिशोब चुकतात. टीम म्हणजे कंपनीच्या नावाची जर्सी घालून स्पर्धा खेळणारे दहा-बारा जण, त्यात काही कामगार, काही खास खेळासाठी घेतलेले. अकादमी म्हणजे निवड चाचणीतून घेतलेली मोजकी मुलं, बहुतेक एकाच खेळाची, राहणं-खाणं-शाळा सगळं तिथेच. क्लब म्हणजे रजिस्टर केलेली संस्था, तिचे सदस्य, कमिटी, वेगवेगळ्या खेळांचे विभाग, सहा वर्षांच्या पोरापासून रिटायर माणसापर्यंत सगळ्यांच्या बॅचेस, आणि मागे पैसा, जागा, वीज-पाणी कंपनीचं. कोकणात ज्याला आपण सर्रास क्लब म्हणतो तो बऱ्याचदा कॉलनीचा रिक्रिएशन हॉल असतो, त्याचा कारभार एचआर किंवा ॲडमिन डिपार्टमेंट बघतं. म्हणून गेल्या गेल्या विचारायचं, संस्था रजिस्टर आहे का, सदस्यांची सभा होते का. हो असेल तर क्लब, नाहीतर ती कंपनीची सोय आहे, वापरा पण त्यावर फार काही बांधू नका.

२. ही पद्धत आली कुठून? आधी कोणी सुरू केलं?

एकच सुरुवात सांगता येत नाही पण सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण जर्मनीतल्या लेव्हरकुसेनचं आहे. तिथे बायर ही रंग आणि औषधं बनवणारी कंपनी, १९०३ मध्ये तिच्या कामगारांनी सह्यांचं पत्र देऊन कंपनीकडे खेळाचा क्लब मागितला आणि १ जुलै १९०४ ला तो सुरू झाला. बायर ०४ मधला ०४ तो हाच. म्हणजे मागणी खालून आली, वरून कोणी उदार होऊन दिलं नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. सुरुवात जिम्नॅस्टिक्सने झाली, फुटबॉल विभाग १९०७ ला आला. हॉलंडमध्ये फिलिप्सने आइंडहोव्हनला १९१३ मध्ये क्लब काढला, पीएसव्ही, त्यातला पी म्हणजे फिलिप्सच. गंमत बघा, मे १९८८ मध्ये आठवड्याभराच्या अंतराने युरोपातल्या फुटबॉल क्लबांच्या दोन मोठ्या स्पर्धा या दोघांनी मारल्या, बायरच्या क्लबने युएफा कप आणि फिलिप्सच्या क्लबने युरोपियन कप जिंकला आणि दोन्ही फायनल पेनल्टीवर.

आपल्याकडे जमशेदपूर आहेच, टाटा फुटबॉल अकादमी १९८७ ची, आर्चरी अकादमी १९९६ ची, शिवाय मोठं स्पोर्ट्स कॉम्प्लेक्स. आणि आपल्या माणसांचं म्हणाल तर कोकणातून मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांनी गिरणगावात कबड्डी जगवली, चाळीतली मंडळं एका बाजूला आणि गिरण्या, गोदी, रेल्वे, कंपन्यांचे संघ दुसऱ्या बाजूला. आजही आपल्या कबड्डी स्पर्धांत व्यावसायिक गट वेगळा असतो तो त्याच परंपरेतून.

३. एवढे खेळ कशाला ठेवतात? पोरं तर क्रिकेट नाहीतर कबड्डीच खेळतात.

कारण सगळी पोरं एका मापाची नसतात. लेव्हरकुसेनचं नाव टीव्हीवर फुटबॉलमुळे येतं, २०२३-२४ ला ते एकही मॅच न हरता जर्मन लीग जिंकले, पण त्याच क्लबच्या ॲथलेटिक्स विभागातली हाइके हेंकेल १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकला २.०२ मीटर उंच उडी मारून गोल्ड घेऊन आली आणि श्टेफी नेरिउस २००९ मध्ये भालाफेकीत वर्ल्ड चॅम्पियन झाली. बास्केटबॉलमध्ये तर ते १४ वेळा जर्मन चॅम्पियन आहेत. एकच खेळ धरून बसले असते तर यातलं काही झालं नसतं.

आपल्याकडे खाडीकाठची मुलं बघा, खांदे कसे असतात, पोहण्यात आणि रोइंगमध्ये ती कुठल्या कुठे जातील पण त्यांना कोणी विचारतच नाही, थेट कबड्डीच्या रांगेत उभं करतात. कॅरम, मल्लखांब, खो-खो, धावणं, टेबल टेनिस यांना जागा कमी लागते आणि खर्चही आटोक्यात राहतो. चांगला क्लब लहान मुलांना पहिली दोन-तीन वर्षं तरी सगळं खेळू देतो.

४. आमच्या घरातलं कोणी कंपनीत नाही. मुलाला प्रवेश मिळेल का?

क्लबला पैसा कुठल्या खात्यातून येतो त्यावर आहे. कर्मचारी कल्याणाच्या बजेटमधून चालत असेल तर कंपनी म्हणू शकते, फक्त आमची माणसं, आणि त्यात बेकायदेशीर काही नाही. पण सीएसआरमधून, म्हणजे कंपनीने कायद्याने सामाजिक कामासाठी काढायच्या पैशातून, चालत असेल तर गोष्ट वेगळी. कंपनी कायदा २०१३ प्रमाणे ५०० कोटी नेटवर्थ किंवा १,००० कोटी उलाढाल किंवा ५ कोटी निव्वळ नफा यातलं एक जरी लागू झालं तरी त्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे असतात. त्या कायद्याच्या सातव्या परिशिष्टात ग्रामीण खेळ, राष्ट्रीय मान्यताप्राप्त खेळ, पॅरालिम्पिक आणि ऑलिम्पिक खेळांचं प्रशिक्षण स्पष्ट लिहिलंय. आणि नियमात असंही आहे की फक्त स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या फायद्याचा खर्च सीएसआरमध्ये धरता येत नाही. म्हणजे बोर्डावर सीएसआर लिहिलंय आणि गेटवर फक्त आयकार्डवाल्यांना आत सोडतायत, हे जुळत नाही. भांडायला जाऊ नका, कंपनीच्या वेबसाइटवरचा सीएसआर रिपोर्ट काढा, त्यात क्लबचा खर्च दाखवलाय का बघा आणि तो कागद घेऊन सरपंचासोबत भेटा.

दारं उघडली की काय होतं त्याचं उदाहरण म्हणजे दीपिका कुमारी. वडील रांचीजवळ रिक्षा चालवायचे, टाटांशी घरचा काही संबंध नाही, २००६ मध्ये टाटा आर्चरी अकादमीत आली आणि पुढे जगात पहिल्या नंबरवर पोचली.

५. फी किती असते?

प्रत्येक ठिकाणी वेगळी, त्यामुळे आकडा सांगत नाही. पण फीपेक्षा बाकीचा खर्च विचारा, शूज, किट, स्पर्धेला जायचं भाडं, तिथलं जेवण, परीक्षा असेल तेव्हा फी माफ होते का. बऱ्याच घरांत मासिक फी परवडते आणि मूल अडतं ते कोल्हापूर किंवा पुण्याच्या स्पर्धेच्या खर्चाला. मच्छीमार आणि बागायतदार घरांत पैसा हंगामाने येतो हेही लक्षात घ्या, वर्षाची फी एकदम मागणाऱ्या क्लबला हप्ते करून द्या असं सांगायला लाजू नका.

६. पावसाळ्यात काय होतं? चार महिने क्लब बंदच ना?

हा कोकणातला सगळ्यात खरा प्रश्न आहे आणि नवीन क्लब बांधणाऱ्यांनी तो सगळ्यात आधी विचारायला पाहिजे, बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी विचारतात. आपल्याकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाऊस, तोही चार महिन्यांत. पुण्याच्या आर्किटेक्टने काढलेलं मैदान इथे पहिल्याच जुलैत कळतं कसं आहे ते. जांभ्याच्या सड्यावर वरची माती पातळ असते, उन्हाळ्यात तेच ग्राउंड इतकं कडक होतं की गुडघे फुटतात आणि पावसात वरचा लाल राडा बुटाला किलोभर चिकटतो. म्हणून फुटबॉल-हॉकीचं ग्राउंड करायचं तर खाली पाण्याचा निचरा, वर चांगल्या मातीचा जाड थर आणि मधून कडांकडे हलका उतार हवा. सिंथेटिक ट्रॅकवर सावलीच्या बाजूला शेवाळ धरतं, ते दिसत नाही आणि धावणारं पोर वळणावर घसरतं.

इनडोअर हॉल असला म्हणजे सुटलो असं नाही. लाकडी फ्लोअर दमट हवेने फुगतं, पट्ट्यांचे सांधे वर येतात, पत्र्याच्या छपरावर पावसाचा आवाज एवढा की कोचची शिट्टी ऐकू येत नाही, आणि वाऱ्याच्या दिशेची झडप नीट बंद केली नसेल तर आत पाणी येतं. कबड्डीच्या मॅटचे तुकडे एकमेकांत अडकवलेले असतात, ओल आली की सांध्यातून पाणी खाली जातं, वरून पुसलं तरी खाली राहतं, दोन-तीन दिवसांत वास यायला लागतो. चांगला केअरटेकर आठवड्यातून एकदा मॅट उचलून, पालथी करून, पंख्याखाली वाळवतो. क्लब बघायला जाल तेव्हा ट्रॉफीचं कपाट नंतर बघा, आधी मॅटचा एक कोपरा उचलून बघा, क्लब कसा चालतो ते तिथे कळतं.

समुद्राजवळ अजून एक भानगड, खारं वारं. गोलपोस्ट, बास्केटची रिंग, जिमच्या वजनांच्या दांड्या, फ्लडलाइटचे खांब, सगळ्याला गंज. दरवर्षी गणपतीनंतर ऑइलपेंट मारायला बजेट आहे का ते विचारा. आणि नदीकाठी असाल तर सामानाची खोली वरच्या मजल्यावर हवी, जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर ज्यांनी पाहिला त्यांना का ते सांगायला नको.

७. समुद्र आहे, नदी आहे, मग स्विमिंग पूल कशाला पाहिजे?

जिवंत राहण्यापुरतं पोहायला नदी पुरते पण स्पर्धेचं पोहणं म्हणजे टायमिंग, टर्न आणि स्टार्ट, ते मोजलेल्या पाण्यातच शिकता येतं. स्पर्धेचा पूल ५० मीटर किंवा २५ मीटरचा असतो, कॉलनीतला मूत्रपिंडाच्या आकाराचा पूल शोभेचा, त्यात स्पर्धक तयार होत नाही. पूल बघताना लाइफगार्ड सतत काठावर आहे का आणि पाण्याच्या तपासणीची वही रोज भरतात का ते बघा, पीएच ७.२ ते ७.८ मध्ये असायला हवा. डोळे झोंबतात आणि उग्र वास येतो म्हणजे क्लोरीन जास्त असा समज आहे, खरं तर घाम-लघवीशी क्लोरीनचा संयोग होऊन तो वास येतो, म्हणजे पाणी बदलायला किंवा नीट क्लोरीन करायला झालंय. पूलमध्ये पक्कं झाल्यावर समुद्राचा सराव वेगळा, लाटेत मान वर काढून दिशा बघायला शिकावं लागतं, मालवणला चिवला बीचवर सागरी पोहण्याच्या स्पर्धा होतात तिथे हे दिसतं. एकट्याने समुद्रात सराव करायला कुठलाच शहाणा कोच पाठवणार नाही.

८. मुलींसाठी सोय असते का? संध्याकाळी परत कसं यायचं?

सोय म्हणजे नुसती वेगळी बॅच नव्हे. कपडे बदलायला कडी लागणारी खोली, पाणी असलेलं टॉयलेट, बाई कोच किंवा निदान बाई मॅनेजर आणि सगळ्यात मोठं म्हणजे परतीची गाडी. आपल्याकडे शेवटची एसटी सहा-साडेसहाची, त्यानंतर वडाप मिळालं तर मिळालं, आणि प्रॅक्टिस सुटते सातला. किती चांगल्या मुली फक्त या एका तासामुळे नववी-दहावीत खेळ सोडतात. कंपनीच्या शिफ्टच्या बसेस तशाही रस्त्यावरून फिरत असतात, त्यात क्लबच्या मुलींना जागा द्या ही मागणी अनेक ठिकाणी करता येण्यासारखी आहे आणि खर्चही फारसा नाही. नाहीतर मुलींची बॅच आधी, मुलांची नंतर, एवढं तरी व्हायलाच पाहिजे.

सुरक्षेबाबत, १८ वर्षांखालच्या मुलामुलींवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो कायदा २०१२ सगळ्या क्लबना लागू आहे आणि दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणं २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे. त्या समितीतल्या लोकांची नावं बोर्डावर असतात का ते बघा. बाहेरगावच्या स्पर्धेला मुलींसोबत बाई मॅनेजर नसेल तर पाठवू नका, मग स्पर्धा कितीही मोठी असो.

९. क्लबकडून खेळलं की कंपनीत नोकरी लागते का?

सरळ सांगतो, नाही. कधी लागते, पण क्लबचा सदस्य म्हणून लागत नाही, खेळाडू म्हणून भरती निघाली आणि तुम्ही त्यात बसलात तर लागते. हे दोन वेगळे दरवाजे आहेत. भारत पेट्रोलियम, एअर इंडिया, महिंद्रा, रेल्वे, मुंबई बंदर, बँका, ही नावं आपल्या कबड्डी-खो-खो-कॅरमवाल्यांना तोंडपाठ आहेत कारण आपल्या गावातले कोणी ना कोणी तिथे चिकटले आणि त्या एका पगारावर घर उभं राहिलं. तो काळ पूर्ण संपला नाही पण दरवाजा अरुंद झालाय. कायम नोकरीच्या जागी आता बऱ्याच ठिकाणी ठराविक वर्षांचा करार आणि स्टायपेंड असतो. सरकारी कंपन्यासुद्धा हात बदलतात, एअर इंडिया २०२२ ला परत टाटांकडे गेली. दुसरीकडे २०१४ पासून प्रो कबड्डी आली, त्यात पैसा आहे पण तो फार थोड्यांना आणि फार थोडी वर्षं.

म्हणून पालकांना माझं कळकळीचं सांगणं आहे, खेळासाठी बारावी किंवा आयटीआय सोडायला लावू नका. स्पोर्ट्स कोट्याच्या भरतीतही शिक्षणाची अट असते आणि दरवर्षी चांगली पोरं तिथेच अडकतात, खेळ आहे पण मार्कशीट नाही. करारावर सही करायची वेळ आली तर प्रश्न १२ बघा.

१०. क्लबच्या सर्टिफिकेटवर पाच टक्के आरक्षण किंवा दहावीचे वाढीव गुण मिळतात का?

क्लबच्या स्वतःच्या सर्टिफिकेटवर नाही. सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण असो की दहावी-बारावीचे सवलतीचे गुण, दोन्हीकडे स्पर्धा कुठली होती, ती मान्यताप्राप्त संघटनेची किंवा क्रीडा खात्याची होती का आणि कितवा नंबर आला हे बघतात. नोकरीसाठी सर्टिफिकेटची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडे होते. कंपनीने भरवलेली चषक स्पर्धा कितीही मोठी असली, टीव्हीवर दाखवली, तरी संघटनेची मान्यता नसेल तर तिचा उपयोग शो-केसपुरता. त्यामुळे क्लबला विचारा, वर्षात जिल्हा संघटनेच्या आणि शालेय स्पर्धा किती खेळवता. नियम अधूनमधून बदलतात तेव्हा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात एकदा जाऊन या, रत्नागिरी, ओरोस, अलिबाग, जो तुमचा जिल्हा तिथे. आणि जन्मदाखला, आधार, शाळेचा दाखला यांवरची जन्मतारीख आणि नाव सारखं करून घ्या, आत्ताच, निवड झाल्यावर नाही.

११. क्लबमध्ये गेलो तर गावचं मंडळ सोडावं लागेल का?

सरावासाठी नाही. स्पर्धेसाठी मात्र तुमची नोंदणी जिल्हा संघटनेकडे कुठल्या संघातून झाली आहे ते महत्त्वाचं, एका स्पर्धेत दोन संघांकडून खेळता येत नाही आणि संघ किंवा जिल्हा बदलायचा तर ना-हरकत लागते. व्यावसायिक गट वेगळा असेल तिथे नोकरदार खेळाडू कंपनीकडून उतरतो, पण गावच्या संघाबाबत संघटनेचा त्या वर्षीचा नियम लेखी विचारून घ्या, तोंडी उत्तरावर जाऊ नका.

मनाचं विचाराल तर मंडळ सोडू नका. शिमग्यात, मे महिन्यात गावच्या मैदानात रात्री लाइटखाली खेळलेली कबड्डी जे शिकवते ते मॅटवर शिकायला मिळत नाही. फक्त एक सांभाळा, मातीवर अनवाणी आणि मॅटवर बूट, पाय दोन्हीकडे वेगळा अडकतो. मॅटवर पाय घसरत नाही, जागीच पकडला जातो आणि वरचं अंग फिरतं, घोटे आणि गुडघे तिथे जातात. बदल करताना पहिले काही आठवडे जोर कमी ठेवा.

१२. करारावर, बॉण्डवर सही मागतात. करायची का?

वाचल्याशिवाय नाही, आणि मराठीत समजावून घेतल्याशिवाय तर नाहीच. मुलगा १८ च्या खाली असेल तर त्याच्या स्वतःच्या सहीला करार म्हणून किंमत नाही, पालकाची सही घेतील, म्हणजे जबाबदारी तुमची. किती वर्षं, मधे सोडलं तर पैसे परत मागणार का आणि किती, इजा झाल्यावर स्टायपेंड बंद होतो का, दुसऱ्या संघाने बोलावलं तर ना-हरकत किती दिवसांत देणार, हे चार मुद्दे शोधा. नसतील तर लिहून मागा. एक प्रत स्वतःकडे. शाळेचा मूळ दाखला कोणाकडेही ठेवायला देऊ नका, झेरॉक्स द्या.

१३. इजा झाली तर खर्च कोण करणार? कंपनीचं ईएसआय चालेल का?

ईएसआय, म्हणजे कामगारांची सरकारी विमा योजना, कंपनीत कामाला असलेल्या, विमा उतरवलेल्या माणसासाठी आणि त्याच्या कुटुंबासाठी असतं, बाहेरून क्लबला येणाऱ्या मुलाला त्याचा काही उपयोग नाही. क्लबने खेळाडूंचा ग्रुप अपघात विमा काढलाय का विचारा, त्याला खर्च फार येत नाही. कंपनीचं फर्स्ट एड सेंटर आणि ॲम्ब्युलन्स क्लबच्या वेळेत उपलब्ध आहे का हेही विचारा, आपल्याकडे ऑर्थोपेडिक सर्जन तासाभराच्या अंतरावर असतो आणि मधे घाट असतो.

१४. माझा मुलगा दिव्यांग आहे. त्याला घेतील का?

घ्यायला हवं. पॅरालिम्पिक खेळ सीएसआरच्या यादीत आहेत (प्रश्न ४). मार्कुस रेम हा लांब उडीवाला चौदाव्या वर्षी पाण्यावरच्या खेळात अपघात होऊन गुडघ्याखाली पाय गेलेला मुलगा, लेव्हरकुसेनच्या क्लबमध्ये आला, तिथे त्याची कोच श्टेफी नेरिउस, तीच प्रश्न ३ मधली भालाफेकवाली. २०१२ पासून २०२४ पर्यंत सलग चार पॅरालिम्पिकची लांब उडीची गोल्ड त्याच्याकडे आहेत आणि २०२३ मध्ये त्याने ८.७२ मीटर उडी मारली. ऑलिम्पिकला बहुतेक वेळा एवढ्यात गोल्ड मिळालं असतं. त्याच्यासाठी वेगळा क्लब नव्हता, त्याच ट्रॅकवर, त्याच लोकांत.

आपल्याकडे अडचण जागेची, पाखाडीच्या पायऱ्या उतरून ग्राउंड आणि टॉयलेटला उंबरठा. रॅम्प आणि रुंद दरवाजा मागा. कोचला अनुभव नाही म्हणून नाही म्हणत असतील तर थ्रो, पोहणं, टेबल टेनिस, कॅरम यापासून सुरू करू असं सांगा.

१५. क्रिकेटवाले सगळं ग्राउंड खातात, बाकीच्यांना कोण विचारणार?

ही तक्रार जगभर जुनी आहे. लेव्हरकुसेनलासुद्धा १९२८ मध्ये फुटबॉलवाले, ॲथलेटिक्सवाले वगैरे जिम्नॅस्टिक्सवाल्यांपासून फुटून वेगळे झाले, परत एकत्र यायला १९८४ उजाडलं. उपाय एकच, प्रत्येक विभागाचा एक माणूस कमिटीत आणि ग्राउंडचं वेळापत्रक बोर्डावर लेखी. मॅनेजरसाहेब स्वतः क्रिकेट खेळतात म्हणून संध्याकाळ क्रिकेटला, असं चालू असेल तर सभेत बोलायलाच हवं. सभाच होत नसेल तर प्रश्न १ परत वाचा.

१६. उद्या कंपनी विकली गेली, बंद पडली, तर क्लबचं काय?

इथे थोडं थांबून वाचा. महिंद्रा कंपनीचा संघ महिंद्रा युनायटेड २००५-०६ ला देशाची फुटबॉल लीग जिंकली आणि २०१० ला कंपनीने संघ बंद केला. पंजाबच्या जेसीटी कापड गिरणीचा संघ, देशातल्या पहिल्या नॅशनल लीगचा विजेता, २०११ ला बंद. दोन्ही वेळा कंपन्या बंद पडल्या नव्हत्या, वर बसलेल्यांनी वेगळा निर्णय घेतला. आपल्या शेजारी गोव्यात साळगावकर १९५६ चा आणि डेंपो १९६८ चा, दोन्ही उद्योग घराण्यांचे, डेंपोने तर २००५ ते २०१२ मध्ये पाच वेळा देशाचं विजेतेपद घेतलं, तरी २०१६ मध्ये दोघांनीही आय-लीग या देशाच्या फुटबॉल लीगमधून अंग काढून घेतलं. डेंपो मात्र स्थानिक लीग आणि पोरांचं काम चालू ठेवून नंतर खालच्या लीगमधून चढत २०२४-२५ ला परत आय-लीगमध्ये आला. म्हणजे वरचा संघ गेला तरी खालचं झाड ठेवलं तर परत फुटतं.

जर्मनीत नियम आहे की फुटबॉल संघाच्या मतांत सदस्यांच्या संस्थेचा हिस्सा अर्ध्याहून जास्त हवा, वीस वर्षं सलग मोठा आधार दिलेल्या कंपनीला त्यात सूट होती, म्हणून लेव्हरकुसेन आणि फोक्सवॅगनचा वोल्फ्सबर्ग अपवाद ठरले. लेव्हरकुसेनला फुटबॉलचा धंदा १९९९ मध्ये वेगळ्या कंपनीत टाकला आणि बाकीच्या खेळांचा सदस्यांचा क्लब वेगळा राहिला, एकाचं नशीब दुसऱ्याला पूर्ण बांधलेलं नाही.

आपल्यासाठी कामाची गोष्ट, २०२१ च्या सीएसआर नियमबदलानंतर सीएसआरच्या पैशातून उभी केलेली इमारत किंवा मालमत्ता कंपनीला स्वतःच्या नावावर ठेवता येत नाही. ती सीएसआर नोंदणी असलेली धर्मादाय संस्था, ट्रस्ट किंवा कलम ८ ची (नफ्यासाठी नसलेली) कंपनी, नाहीतर लाभार्थ्यांचे बचत गट वगैरे किंवा सरकारी यंत्रणा यांच्या नावावर असावी लागते. म्हणून विचारायचा प्रश्न सोपा आहे, हा हॉल कोणाच्या नावावर आहे. कल्याण बजेटमधून बांधला असेल तर तो कंपनीचा, कंपनीबरोबर जाईल. दुसरं, कोच पगारी कोणाचा. कोच गावातला तयार केलेला असेल तर भिंती गेल्या तरी खेळ राहतो.

१७. जमीन ग्रामपंचायतीची आणि बांधकाम कंपनीचं. मग मालक कोण?

सातबारा काढा, इतर हक्काचा रकाना वाचा. गायरान असेल तर ताबा ग्रामपंचायतीकडे असला तरी मालकी सरकारची, नुसत्या ग्रामसभेच्या ठरावावर ती कंपनीला देता येत नाही, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. देवस्थानची किंवा एमआयडीसीची जागा असेल तर आणखी वेगळे नियम. करारात मुदत किती, मुदत संपल्यावर बांधकाम कोणाचं, आणि गावातल्या मुलांना कुठल्या वेळेत मोफत वापर, हे तीन मुद्दे नसतील तर सही होऊ देऊ नका. नंतर कुंपण पडलं की ते उघडायला वर्षं जातात.

१८. आमच्याकडे कंपनी आहे पण क्लब नाही. मागायचा कसा?

एकट्याने जाऊन साहेबांना भेटण्यात अर्थ नाही. शाळा, मंडळं, महिला बचत गट, कामगार युनियन यांच्या सह्या घ्या, कुठले खेळ, किती मुलं, कुठल्या वयाची याची खरी यादी जोडा. स्वतःची संस्था धर्मादाय आयुक्तांकडे रजिस्टर करा, पुढे सीएसआर-१ फॉर्म भरा, तो नसेल तर सीएसआरचे पैसे थेट संस्थेला देता येत नाहीत. पहिल्याच पत्रात स्टेडियम मागू नका. एक मॅट, एक पगारी कोच, पावसाळ्यात वापरायला एक शेड, यावर सुरुवात होते. स्थानिक भागाला प्राधान्य द्यावं असं कायद्यातच लिहिलंय, तो मुद्दा पत्रात घाला. कंपनीने नाहीच म्हटलं तर कामगारांसाठी महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळ आहे, त्यांची केंद्रं आणि कबड्डी स्पर्धा चालू असतात, तिकडेही विचारा.

१९. माझं वय पंचेचाळीस आहे, रात्रपाळी करतो, मला काही खेळता येईल का?

येईल. सकाळची बॅच बहुतेक रिकामी असते, शटल नाहीतर पोहणं सुरू करा, आधी बीपी-शुगर तपासून घ्या आणि पाळी संपल्या संपल्या लगेच कोर्टवर उतरू नका, झोप झाल्यावर या.